चौदा पायऱ्या, डाव्या हाताला कठडा

मी बनवलेलं वेबपान मी पहिल्यांदा ऐकलं ते तुळजापुरातल्या एका लॉजच्या काउंटरवर, सकाळी साडेदहाच्या सुमारास. तोवर मी पानं फक्त बघत आले होते. बघणाऱ्यांसाठी करत होते, बघणारे छान म्हणत होते आणि माझं बरं चाललं होतं. त्या सकाळी काउंटरमागं बसलेल्या काकांनी कीबोर्डवर बोट ठेवलं आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारी कॉम्प्युटरमधली ती कोरडी बाई बोलायला लागली, "बटण. बटण. बटण. बटण." काका शांतपणे कळ दाबत राहिले, बाई बटण बटण म्हणत राहिली. ती थांबल्यावर काका म्हणाले, "बावीस. खोल्या बरोबर हायत बेटा, एक बी सुटली न्हाय."

ते थट्टा करत होते हे मला कळलं आणि मला राग आला. मला राग लवकर येतो. "इत्ता गुस्सा कायकू?" हे अम्मी माझ्या लहानपणापासून विचारत आलीय आणि अजून तिला उत्तर मिळालेलं नाही. पण त्या दिवशीचा राग काकांवर नव्हता. माझ्या सुंदर पानाची कुणीतरी माझ्यासमोर चड्डी काढली होती, आणि काढणाऱ्याला ते पान दिसतही नव्हतं, त्याचा राग होता.

मी नळदुर्गची. अब्बांचं हायवेला टायरचं दुकान आहे, पंक्चरपासून सगळं. मी कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि घरी बसून लोकांची वेबपानं करायला लागले. एका ढाब्याचं केलं, एका मंगल कार्यालयाचं केलं, मग हे लॉजचं काम आलं. बसस्टँडवरून मंदिराकडं जाताना लागणारं, बावीस खोल्यांचं. मालक चाळिशीतले, हौशी. शेजारच्या लॉजवाल्यांनी घरबसल्या खोली घ्यायची सोय केलीय म्हटल्यावर यांनाही ती पाहिजे होती. मी त्यांना प्रत्येक खोलीचा एक चौकोन करून दिला. खोली रिकामी असली की चौकोन हिरवा, भरली की तांबडा. पाहुण्यानं हिरव्यावर बोट ठेवायचं, फॉर्म भरायचा, झालं. मालकांनी ते चहावाल्यापासून सगळ्यांना दाखवलं. चौकोनांत मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. आकडा बोट नेल्यावर वर तरंगत यायचा. मला त्या साधेपणाचा फार अभिमान होता.

काका म्हणजे त्या लॉजचा फोन. माकणीच्या बाजूचं त्यांचं गाव. लहानपणी तापात डोळे गेले. अंधशाळेत शिकले, टेलिफोन ऑपरेटरचं काम शिकले, आणि मालकांच्या वडिलांनी त्यांना त्या खुर्चीवर बसवलं ते कायमचं. कितीतरी गावांतली माणसं लॉजचं नाव सांगायची नाहीत, "त्या फोनवरच्या काकांचं लॉज" म्हणायची. कुठली खोली रिकामी आहे हे काकांना त्यांच्या पाठीमागचा किल्ल्यांचा फळा सांगायचा. बावीस खिळे, बावीस किल्ल्या. फोन उजव्या कानाला लावायचा आणि डावा हात मागं नेऊन फळ्यावरून फिरवायचा. किल्ली हाताला लागली तर खोली रिकामी. पाहुण्याच्या तोंडचं वाक्य संपायच्या आत काकांचं उत्तर तयार असायचं.

माझ्या पानानं तो फळा खोटा पाडला. आता सोलापुरात बसलेला माणूस पानावरून खोली घ्यायचा आणि इथं किल्ली मात्र खिळ्यालाच लटकत राहायची. पहिल्याच आठवड्यात काकांनी दोन खोल्या फोनवरून दिल्या, ज्या आधीच गेलेल्या होत्या. दोन कुटुंबं सामानासकट काउंटरसमोर उभी. काका त्या दोन्ही कुटुंबांची माफी मागत होते आणि चूक त्यांची नव्हतीच.

मालक वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, नवरात्रात फोन खाली ठेवायला उसंत न्हाय. काकांना पान वाचता आलं तर लई चांगलं. न्हाय आलं तर काउंटरला बघणारं माणूस बसवावं लागंल. काकांना मी काय वाऱ्यावर सोडणार न्हाय, पण घरी बसावं लागंल त्यांना." नवरात्राला महिना होता. काका पलीकडंच होते आणि त्यांचे कान कसे आहेत हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मालक गेल्यावर काका म्हणाले, "घरी बसून काय करू बेटा? भिंतीला विचारू का, म्हातारं माणूस हाय का संगं म्हणून?"

मी हसले. परत येताना एसटीत मात्र मला हसू येत नव्हतं. त्या माणसाच्या खुर्चीला धक्का लागला होता तो माझ्या हिरव्या-तांबड्या चौकोनांचा. मालकांचा नाही, नवीन जमान्याचा वगैरेही नाही, माझा.

मग मी कामाला लागले. आठवड्यातून दोनदा तुळजापूर, पाऊण तास जायला, पाऊण तास यायला. आधी प्रत्येक चौकोनात शब्द घातले, 'खोली एकशे चार, रिकामी'. पण ते शब्द चौकोनात कोंबल्यासारखे दिसायला लागले. माझ्यातल्या बघणाऱ्या बाईला ते सोसेना, म्हणून मी स्टाइलमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं ते ठरवणाऱ्या सूचनांमध्ये, एक ओळ लिहून ते दिसेनासे केले. काकांनी कळ दाबली. "बटण. बटण. बटण."

"बाई परत बावीसवर आली," काका म्हणाले.

तेव्हा मला कळलं की पानावरची वस्तू लपवायच्या दोन तऱ्हा असतात. एकीत ती वस्तू डोळ्यांना दिसत नाही आणि बोलणाऱ्या बाईलाही सापडत नाही. दुसरीत ती पडद्यावरून बाजूला सारलेली असते, पण असते. आमच्या घरात पाहुणे आले की अम्मी पडद्याआड बसून बोलते. दिसत नाही, पण घरात तिचंच चालतं. तिला घराबाहेर काढणं वेगळं आणि पडद्याआड बसवणं वेगळं. मी शब्दांना घराबाहेर काढलं होतं. दुसऱ्या खेपेला त्यांना पडद्याआड बसवलं, आणि बाई म्हणाली, "खोली एकशे चार, रिकामी." काकांनी मान डोलावली.

यश डोक्यात गेलं. मी वाचलं होतं की आवाजासाठीही स्टाइल लिहिता येते. कुठं थांबायचं, मथळा जाड आवाजात बोलायचा की बारीक, आकडे सावकाश सांगायचे की भरभर. दोन दिवस बसून मी त्या बाईसाठी नुसत्या लकबी लिहिल्या. इथं अर्धा सेकंद थांब, इथं हळू बोल. तुळजापूरला जाऊन लावलं, तर बाईनं त्यातलं एक ऐकलं नाही. जशी कोरडी होती तशीच कोरडी. माझा चेहरा काकांना दिसत नव्हता तरी त्यांना तो कळला असावा.

"ती कुणाचं ऐकत न्हाय. माझं ऐकती." त्यांनी दोन कळा दाबल्या आणि बाई अशी सुटली की मला एक शब्द कळेना, नुसती कुरकुर. काकांना सगळं कळत होतं. "हा माझा वेग. आमच्या साळंतला एक जण हाय, त्यो याच्या दुप्पट पळवतो. एखादी म्हातारी निम्म्यानं ऐकंल. तू चाल ठरवू नगंस बेटा. ज्याची त्याची चाल असती. तू फक्त काय आधी आन काय मागं, ते ठरव."

इतकी वर्षं मी हे काम करतेय, आणि कामाबद्दल मला इतकं नेमकं कुणी काही सांगितलेलं नाही. मी ते वहीत लिहून घेतलं. स्टाइलच्या त्या सगळ्या ओळी पुसून टाकल्या. दोन दिवसांची मेहनत पुसताना हात जड झाला होता, हे कबूल करते.

आधी काय आणि मागं काय ते ठरवायला मी काकांच्या शेजारी स्टूल टाकून बसले आणि ते फोनवर कसं बोलतात ते ऐकलं. माझ्या पानावर पहिल्यांदा लॉजचं नाव, मग मालकांचा फोटो, मग मालकांचे विचार आणि सगळ्यात शेवटी खोल्या होत्या. काकांची रीत वेगळी होती. पहिला प्रश्न ठरलेला, "म्हातारं माणूस हाय का संगं?" असलं तर वरच्या मजल्याचं नावच काढायचं नाही. दुसरा प्रश्न, "तुमचं पुजारी कोण?" घराण्याचे पुजारी ठरलेले असतात. ते मंदिराच्या कुठल्या अंगाला राहतात त्यावर खोली पुढची द्यायची की मागच्या गल्लीची ते ठरायचं. मग गरम पाणी किती वाजता, मग पायी किती वेळ. नवरात्रात ज्योत न्यायला येणाऱ्या पोरांना एकच विचारायचं, टेम्पो कुठं लावणार. त्यांना झोपायचं नसतंच, त्यांना नळ पाहिजे असतो.

माझा फॉर्म मी कुठल्यातरी परदेशी नमुन्यावरून उचलला होता. त्यात पाळीव प्राणी आणणार का असा रकाना होता. पुजाऱ्यांचा नव्हता. तुळजापूरपासून पाऊण तासावर जन्माला आलेल्या बाईनं हे करावं! काकांनी बाईच्या तोंडून तो रकाना ऐकला आणि ते काउंटरवर डोकं टेकून हसले.

त्यांची रीत मी जशीच्या तशी पानात उतरवली. डोळ्यांसाठी पान छानच राहिलं, पण आत सगळं काकांच्या क्रमानं लावलं. मालकांचे विचार तळाला गेले. फोन नंबर बाई एका दमात 'नऊ अब्ज अमुक कोटी' असा वाचायची, तो मी तुकडे करून लिहिला. मग राहिले फोटो.

फोटोंच्या मागं वर्णन लिहायचं असतं, ते बाई वाचते. मी लिहिलं होतं, 'खोलीचा फोटो', 'जिन्याचा फोटो'.

"फोटो हाय हे कळलं," काका म्हणाले. "फोटोत काय हाय?"

मी बदलून लिहिलं, 'सुंदर व प्रशस्त जिना'.

"सुंदर म्हंजी किती पायऱ्या?"

मला सांगता येईना. त्या जिन्यानं मी कितीदा वर गेले होते! काका उठले, फोन मालकांकडं दिला आणि मला घेऊन सगळ्या लॉजभर फिरले. जिन्याला चौदा पायऱ्या, डाव्या हाताला कठडा, शेवटच्या पायरीनंतर बोटभर उंबरा, तिथं ठेच लागते. एकशे चारचं दार आत उघडतं, दिव्याची बटणं उजव्या हाताला खांद्याच्या उंचीवर, पलंग दारापासून चार पावलांवर. न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ डावीकडचा, पण दोनशे सहामध्ये उजवीकडचा, प्लंबर चुकला होता. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. त्या लॉजचे फोटो मी काढले होते आणि त्या फोटोंत काय आहे ते मला काका सांगत होते.

घरी येऊन मी दुकानाच्या फळीवर बसले होते. अब्बा एका ट्रकच्या चाकांवर लोखंडी दांडा मारत फिरत होते. मारायचे, कान द्यायचे, पुढं जायचे. सहाव्या चाकाला थांबले आणि म्हणाले, यात हवा कमी आहे. हे मी जन्मभर बघत आले होते. ऐकलं त्या दिवशी.

घटस्थापनेच्या दोन दिवस आधी मालकांनी परीक्षा ठेवली. परीक्षा म्हणजे काय, दुपारी ते स्वतः काउंटरला येऊन उभे राहिले. "बघू काका, येईल त्या फोनला खोली देऊन दाखवा. किल्ल्यांच्या फळ्याला हात न्हाय लावायचा." मला काळजी नव्हती. आठवडाभर काकांनी पान तोंडपाठ केलं होतं. आदल्या दिवशी मी एकच नवीन गोष्ट केली होती. मालकांना वर एक सरकती पट्टी पाहिजे होती, 'नवरात्रोत्सवानिमित्त भाविकांचे हार्दिक स्वागत'. ती केली. आणि आता मी कानांचा विचार करणारी शहाणी झाले होते ना, म्हणून पट्टी नव्यानं सरकली की बाईनं ती स्वतःहून म्हणावी अशी सोयही केली. काकांनाही स्वागत ऐकू यावं, एवढाच माझा भाव.

फोन वाजला. लोहाऱ्याच्या पलीकडच्या गावचं मंडळ, वीस-पंचवीस पोरं, ज्योत न्यायची, सामानाला एक खालची खोली आणि टेम्पोला जागा. काकांनी एका कानाला रिसीव्हर आणि दुसऱ्याला इअरफोन लावून कळ दाबली. पडद्यावर मला दिसत होतं आणि इअरफोनमधून फुटणारा आवाजही पुसट येत होता. "खोली एकशे दोन, भाविकांचे हार्दिक स्वागत." काकांनी कळ दाबून बाईला मागं नेलं. "खोली एकशे, भाविकांचे हार्दिक स्वागत." आणखी मागं. "खोली, भाविकांचे हार्दिक स्वागत." तिकडून पोरगा हॅलो हॅलो करत होता. काका म्हणाले, "थांबा जरा." महिनाभरात त्यांच्या तोंडून हे दोन शब्द मी ऐकले नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम आला.

शेवटी ते म्हणाले, "पाच मिनिटांत फोन करतो," आणि रिसीव्हर खाली ठेवला.

मालक हळू आवाजात म्हणाले, "न्हाय जमत काका. ऱ्हाऊ द्या. तुमचा काय दोष न्हाय, वय झालं."

काकांना कळलं होतं ती आडवी येणारी पट्टी कुणाची आहे. त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

मी गप्प राहिले. किती वेळ, ते मला माहीत आहे आणि ते मला आवडत नाही. मालक माझ्या कामाचं गावभर कौतुक करत होते. मी बोलले नसते तर कुणालाच काही कळलं नसतं. पण काका किल्ल्यांच्या फळ्याकडं हात नेत होते आणि मधेच आवरत होते, कारण लावायचा नाही असं ठरलं होतं. तो आखडलेला हात मला बघवला नाही.

"चूक त्यांची नाही," मी म्हणाले, जरा मोठ्यानंच. "माझी आहे. ही पट्टी मी घातली, त्यांना न विचारता. ती त्यांच्या कानात मधे मधे बोलतेय. तुमच्या डोळ्यांसमोर कुणी सारखा हात हलवला तर तुम्हाला तरी वाचता येईल का?"

मी बॅगेतून लॅपटॉप काढला, उभ्या उभ्या ती पट्टी मुकी केली, आणि म्हणाले, "काका, पान परत उघडा."

काकांनी उघडलं. त्यांनी त्या मंडळाला स्वतः फोन लावला. बोटं चार वेळा हलली. "हां, एकशे दोन देतो. टेम्पो मागल्या गल्लीत लावा, नळ तिथंच हाय. पहाटं येणार का? मग पाणी चारला सोडाय सांगतो." सगळं मिळून मिनिटभरसुद्धा लागलं नाही. पाठोपाठ दुसरा फोन आला, मग तिसरा. तिसऱ्यात त्यांनी विचारलं, "म्हातारं माणूस हाय का संगं?" आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मालकांनी चहा सांगितला. थोड्या वेळानं एवढंच विचारलं, "काका, ते कानातलं यंत्र एकच हाय व्हय? अजून एक आणून ठिवा. नवरात्रात बिघडलं तर बोंब व्हायची."

एवढंच. पण काकांनी डावा हात मागं नेला आणि सगळ्या किल्ल्यांवरून एकदा फिरवला. किल्ल्या किणकिणल्या.

मी त्यांचे आभार मानले, त्यांच्यासमोर, नीट शब्दांत. मी आभार मानणाऱ्यांतली नाही, घरी विचारा. त्यांना म्हणाले की तुम्ही नसता तर मी जन्मभर निम्मंच काम करत राहिले असते आणि पुरं केलं असं समजले असते. काका म्हणाले, "मग पुढल्याचं पान करताना बटणाला नाव दे म्हंजी झालं." आज मी कुठलंही पान पुरं झालं की मॉनिटर बंद करते, खुर्ची मागं सारते आणि त्या कोरड्या बाईला बोलू देते. ती बोलत असताना दर वेळी मला काकांचं ऋण आठवतं, आणि बरं वाटतं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी लॉजवर गेले होते, काहीतरी किरकोळ दुरुस्ती होती. पानावरून एक बुकिंग आलं. वरची खोली, दोन माणसं. फॉर्मच्या तळाला आम्ही एक रकाना ठेवला होता, आणखी काही सांगायचं आहे का असा. तो सहसा रिकामा येतो. त्या दिवशी भरलेला होता. काकांनी कळ दाबली आणि मला ऐकू यावं म्हणून इअरफोन काढला.

बाई वाचायला लागली. "मी आणि माझी पत्नी, आम्हा दोघांनाही दिसत नाही. दरवर्षी दर्शनाला पुतण्याला सुट्टी काढायला लावून आणतो. या वर्षी तुमचं पान आम्ही दोघांनी मिळून ऐकलं. चौदा पायऱ्या आहेत आणि कठडा डाव्या हाताला आहे, हे कळलं. सोबत कुणाला आणत नाही. दोघंच येतो."

काकांनी ते परत ऐकलं. मग तिसऱ्यांदा ऐकलं, या वेळी त्यांच्या नेहमीच्या वेगानं नाही, सावकाश. मग काका खुर्चीवरून उठले, काउंटरच्या फळीखालून बाहेर आले आणि जिन्याकडं गेले. इतकी वर्षं ज्या जिन्यानं ते चढत-उतरत होते, त्याच्या पहिल्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला, डावा हात कठड्यावर ठेवला आणि मोठ्यानं मोजत वर गेले. वरून त्यांचा आवाज आला.

"चौदाच हायत बेटा. ऱ्हाऊ दे तसंच."